कण्यातला कारभारी

गरम तव्याला बोट लागले की हात आपोआप मागे येतो. पाय घसरला की शरीर तोल सावरते. या गोष्टी आपण ठरवून करत नाही. मग त्या कोण करतो? आपल्या पाठीच्या कण्यात चालणाऱ्या एका शांत कारभाराची ओळख या पाठात करून दिली आहे. हा कारभार बिघडला तर काय होते आणि तो बिघडू नये म्हणून आपण काय करावे, हेही येथे सांगितले आहे.

पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि वेल्हे हे दोन डोंगराळ तालुके आहेत. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. राजगड आणि तोरणा हे प्रसिद्ध किल्ले याच तालुक्यात आहेत. या भागात पाऊस भरपूर पडतो, म्हणून भात हे येथील मुख्य पीक आहे. पावसाने जोर धरला की खाचरांत चिखलणी होते आणि भाताची लावणी सुरू होते. डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन माणसे दिवसभर चिखलात वाकून रोपे लावतात. बहुतेकांच्या पायांत काही नसते. चिखलाखाली काय दडले आहे ते दिसत नाही. एखादा करवंदीचा काटा, काचेचा तुकडा किंवा मोडका खिळा पायाखाली येतो.

अशा वेळी काय घडते? काट्यावर पडलेला पाय झटकन वर उचलला जातो. “आई गं!” हे शब्द तोंडातून नंतर बाहेर पडतात. म्हणजे दुखणे कळण्याआधीच पाय हलू लागलेला असतो. विचार न करता, आपोआप आणि अतिशय वेगाने घडणाऱ्या अशा क्रियेला ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणतात.

ही क्रिया समजून घेण्यासाठी आधी मेरुरज्जूची माहिती करून घेऊ. आपल्या पाठीचा कणा लहान लहान मणक्यांचा बनलेला असतो. या मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मऊ, पांढुरकी अशी एक दोरी मेंदूपासून खाली गेलेली असते. हीच मेरुरज्जू. उर्दूत तिला ‘हराम मग्ज’ म्हणतात. मोठ्या माणसात तिची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी साधारण करंगळीएवढी असते. मेरुरज्जूपासून चेतातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि हात, पाय, छाती, पोट अशा सर्व भागांत पसरतात. काही तंतू कातडीकडून आणि स्नायूंकडून बातमी आणतात. त्यांना संवेदी तंतू म्हणतात. काही तंतू स्नायूंकडे हुकूम नेतात. त्यांना प्रेरक तंतू म्हणतात.

पायात काटा टोचला की ती बातमी संवेदी तंतूंवाटे मेरुरज्जूत पोहोचते. तेथे मधल्या चेतापेशी ती बातमी घेतात आणि लगेच प्रेरक पेशींना हुकूम देतात. हुकूम मिळताच मांडीचे मागचे स्नायू आखडतात, गुडघा वाकतो आणि पाय वर उचलला जातो. बातमी मेंदूकडेही जाते, पण तेथपर्यंतचा रस्ता लांबचा असतो. शिवाय मेंदूला तिचा अर्थ लावायला थोडा वेळ लागतो. म्हणून पाय आधी उचलला जातो आणि वेदना नंतर कळते.

हा कारभार आपल्या गावाच्या कारभारासारखा आहे. डोंगरातल्या एखाद्या वाडीत ओढ्याला पूर आला, तर लोक पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाची वाट पाहत बसत नाहीत. गावकरी गुरे सोडतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उंचावर नेतात आणि मग पुण्याला कळवतात. मेंदू हा जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला मोठा अधिकारी आहे. मेरुरज्जू ही गावातच राहणारी कारभारी आहे. तातडीचे काम ती स्वतःच उरकते आणि वर कळवते.

पण काटा टोचल्यावर काम एवढ्यावर संपत नाही. समजा, उजवा पाय एकदम उचलला गेला. आता शरीराचा सगळा भार डाव्या पायावर आला. त्याच क्षणी डावा पाय ताठ झाला नाही, तर माणूस चिखलात कोसळेल. म्हणून मेरुरज्जू एकाच वेळी दोन हुकूम सोडते. उजव्या पायाला ती सांगते, “वाक.” डाव्या पायाला सांगते, “ताठ राहा.” आपल्याला यातले काहीच कळत नाही. आपण फक्त पडत नाही, एवढेच दिसते.

आता हालचालीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहू. आपले बहुतेक स्नायू जोडीने काम करतात. स्नायू फक्त ओढू शकतो. त्याला ढकलता येत नाही. म्हणून सांध्याच्या एका बाजूला वाकवणारा स्नायू असतो आणि दुसऱ्या बाजूला ताठ करणारा स्नायू असतो. तुमचा डावा हात उजव्या दंडावर ठेवा आणि उजवा हात कोपरात दुमडा. दंडाचा पुढचा स्नायू टणक झालेला लागेल आणि मागचा स्नायू सैल पडलेला लागेल.

बैलगाडी हाकणारा माणूस हेच करतो. गाडी उजवीकडे वळवायची असेल, तर तो उजवा कासरा ओढतो आणि डावा सैल सोडतो. दोन्ही कासरे एकदम ओढले, तर गाडी वळत नाही, जागीच अडते. मेरुरज्जूही एका स्नायूला “ओढ” म्हणते, तेव्हा त्याच्या जोडीदाराला “सैल सोड” असे सांगते. हे सैल सोडण्याचे काम करण्यासाठी मेरुरज्जूत खास चेतापेशी असतात. त्यांना आपण ‘आवर घालणाऱ्या पेशी’ म्हणू. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने या जोडकामाचा कित्येक वर्षे अभ्यास केला. १९०६ साली त्याने या विषयावर एक महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३२ साली त्याला आणि एडगर एड्रियन या शास्त्रज्ञाला मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. शेरिंग्टनच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. आवर घालणे म्हणजे काम थांबणे नव्हे. आवर घालणे हेही शरीराचे एक कामच आहे.

प्रतिक्षिप्त क्रिया फक्त संकटाच्या वेळीच घडतात, असे मात्र नाही. त्या दिवसभर चालू असतात. राजगडावर येणाऱ्या पर्यटकांसाठी पायथ्याच्या गावांतील लोक ताक आणि खाण्याचे पदार्थ घेऊन गड चढतात. संध्याकाळी ते पुन्हा खाली उतरतात. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा थोडा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो. प्रत्येक स्नायूच्या आत बारीक ताणमापक असतात. त्यांचा आकार चरख्याच्या चातीसारखा, म्हणजे मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असतो. स्नायू अचानक ताणला गेला की हे ताणमापक मेरुरज्जूला बातमी देतात. ती लगेच त्याच स्नायूला आखडण्याचा हुकूम देते. त्यामुळे गुडघा दुमडून माणूस खाली बसत नाही. भार तोलला जातो. हातात धरलेल्या कळशीत कोणी पाणी ओतू लागले, तर कळशी जड होते. पण हात थोडासाच खाली जातो आणि सावरतो. त्यामागेही हीच क्रिया असते.

डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून पाहतात, तेव्हा याच क्रियेची परीक्षा घेतात. गुडघ्याच्या वाटीखाली स्नायूला हाडाशी जोडणारी एक चिवट दोरी असते. तिच्यावर हलका ठोका बसला की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. लगेच तो आखडतो आणि लोंबकळता पाय पुढे उडतो. या क्रियेत संवेदी पेशी मधल्या पेशीचीही वाट पाहत नाही. ती थेट प्रेरक पेशीलाच बातमी देते. म्हणून ठोका बसल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत स्नायू आखडू लागतो. एखादी खूण पाहून मुद्दाम हात हलवायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. या दोन वेळांची तुलना केली, म्हणजे मेरुरज्जूची चपळाई लक्षात येते. पाय जास्त उडाला, कमी उडाला किंवा उडालाच नाही, यावरून चेतासंस्थेत कोठे बिघाड आहे याचा डॉक्टरांना अंदाज येतो. १८७५ साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी ही क्रिया प्रथम जगापुढे मांडली. आजही ही तपासणी केली जाते.

मग मेंदूला काहीच काम नाही का? आहे. कोठे जायचे, काय उचलायचे, कोणते रोप कोठे लावायचे, हे मेंदूच ठरवतो. तो मेरुरज्जूच्या कारभारावर लक्षही ठेवतो. घरी पाहुणे आले आहेत आणि तुमच्या हातात चहाने भरलेला गरम कप आहे. बोटांना चटका बसतो, तरी तुम्ही कप टाकून देत नाही. कसाबसा तो खाली ठेवता. येथे मेंदू मेरुरज्जूला सांगतो, “जरा थांब.” हेतू मेंदूचा आणि बारीकसारीक काम मेरुरज्जूचे, अशा वाटणीमुळेच आपण चालताना गप्पा मारू शकतो आणि जिने उतरताना मनात पाढे म्हणू शकतो.

हा कारभार बिघडला तर काय होते? याचे सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे धनुर्वात. या रोगाचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. त्यांची बीजे वर्षानुवर्षे टिकून राहतात. काटा किंवा खिळा खोल रुतला की ती बीजे जखमेत जातात. तेथे हवा पोहोचत नाही, म्हणून जंतू वाढू लागतात आणि विष तयार करतात. लोकांना वाटते की गंजामुळे धनुर्वात होतो. ते खरे नाही. गंज हे कारण नाही. खिळ्याला चिकटलेली माती हे कारण आहे. लोखंड अजिबात न लागता, नुसत्या काट्यानेही धनुर्वात होऊ शकतो.

धनुर्वाताचे विष चेतातंतूंमधून प्रवास करत मेरुरज्जूपर्यंत पोहोचते आणि नेमके आवर घालणाऱ्या पेशींना गप्प करते. आता “ओढ” म्हणणारे आहेत, पण “सैल सोड” म्हणणारे कोणी नाही. जणू दोन्ही कासरे एकदम खेचले जातात. जखम झाल्यानंतर साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत रोगाची लक्षणे दिसू लागतात. बहुधा प्रथम जबडा आवळला जातो. यालाच आपण दातखीळ बसणे म्हणतो. मग मान आणि पाठ ताठ होते. शेवटी सगळे शरीर धनुष्यासारखे मागे वाकते. त्यावरूनच या रोगाला धनुर्वात हे नाव पडले. दार आपटल्याचा आवाज, एकदम पडलेला उजेड किंवा नुसता हाताचा स्पर्श एवढ्यानेही झटका येतो. रोगी मात्र शुद्धीवर असतो आणि सर्व वेदना त्याला कळतात. श्वासाचे स्नायूही आखडले, तर जीव जातो.

हे विष अंगात कसे निष्प्रभ करता येईल, याचा शोध एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० साली लावला. पुढे लस निघाली. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटने सुरुवातीच्या काळातच धनुर्वातावरील औषध तयार करायला घेतले. पूर्वी बाळाची नाळ अस्वच्छ पात्याने किंवा विळ्याने कापल्यामुळे कित्येक नवजात बाळे धनुर्वाताने दगावत. गरोदर मातांना लस मिळू लागली, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली आणि हे मृत्यू झपाट्याने कमी झाले. माता आणि नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले.

परंतु रोगाचे जंतू मातीतून गेलेले नाहीत आणि ते कधी जाणारही नाहीत. म्हणून प्रत्येकाने लस घेतलीच पाहिजे. बालपणीच्या लसींनंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ‘टीडी’ ही लस देतात. ती धनुर्वात आणि घटसर्प या दोन्ही रोगांपासून रक्षण करते. तुमच्यापैकी अनेकांचे वय आज याच दोन टप्प्यांच्या मध्ये आहे. आपली लस झाली आहे का, हे घरी जरूर विचारा. एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस घ्यावी लागते. कारण हा रोग एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असे नाही. जखम झाली तर ती साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. तिच्यावर शेण, माती, चुना किंवा तंबाखू लावू नये. जखम खोल असेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. “एवढ्याशा काट्याने काय होते?” असे म्हणून ती अंगावर काढू नये.

दुसरा धोका मणक्यांना होणाऱ्या दुखापतीचा आहे. पावसाळ्यात तोरण्याच्या आणि राजगडाच्या वाटा निसरड्या होतात. झाडावरून, छपरावरून किंवा कड्यावरून पडून कणा मोडला, तर मेरुरज्जूलाही इजा होऊ शकते. मग मेंदूचे हुकूम खाली पोहोचत नाहीत आणि खालची बातमी वर जात नाही. सुरुवातीला पाय अगदी लुळे पडतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ते कधी कधी आपोआप उडू लागतात. घरच्यांना आनंद होतो. पण पुष्कळदा ही हालचाल रोग्याच्या इच्छेने होत नसते. मेंदूपासून तुटलेली मेरुरज्जू एकटीच आपले काम करत असते. कारभारी आहे, पण वरचा हुकूम नाही, अशी ती स्थिती असते.

म्हणून उंचावरून पडलेल्या माणसाला घाईने उचलून बसवू नये. त्याची मान आणि पाठ वाकू देऊ नये. त्याला झोळीत घालून किंवा पाठीवर घेऊन नेऊ नये. तो जेथे आहे तेथे धोका नसेल, तर त्याला तसेच स्थिर ठेवावे, पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. हलवावेच लागले, तर तीन-चार जणांनी मिळून, डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, त्याला सपाट फळीवर घ्यावे. एका चुकीच्या झटक्याने वाचलेली मेरुरज्जूही कायमची निकामी होऊ शकते.

अशी दुखापत झाली म्हणजे आयुष्य संपले, असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैनिक होते. १९६५ च्या युद्धात त्यांच्या पाठीच्या कण्यात गोळी बसली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी हातांच्या बळावर पोहण्याचा सराव केला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून एक पुनर्वसन केंद्रही चालू आहे.

आपण उभे राहतो, चालतो, ओझे उचलतो, चिखलात तोल सांभाळतो. या प्रत्येक कामात एक स्नायू ओढतो आणि दुसरा सैल सोडतो. हा मेळ मेरुरज्जू जन्मभर घालत असते आणि त्याबद्दल आपल्याकडे काहीही मागत नाही. एक लस, स्वच्छ धुतलेली जखम आणि पडलेल्या माणसाला उचलताना घेतलेली काळजी, एवढे तिच्यासाठी आपण नक्कीच करू शकतो.

शब्दार्थ
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
चिखलणी – लावणीआधी शेतात चिखल करण्याचे काम
इरले – पावसापासून बचावासाठी डोक्यावर घेण्याचे पानांचे आच्छादन
कासरा – बैलाला हाकण्यासाठी बांधलेली दोरी
चाती – चरख्यावर सूत गुंडाळले जाते ती सळई
आखडणे – आवळून लहान होणे
आवर घालणे – ताब्यात ठेवणे, थांबवणे
निमुळता – टोकाकडे बारीक होत गेलेला
निष्प्रभ – परिणाम नाहीसा झालेला
अंगावर काढणे – दुखण्याकडे दुर्लक्ष करणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रतिक्षिप्त क्रिया कशाला म्हणतात?
(आ) मेरुरज्जूपासून चेतातंतूंच्या किती जोड्या निघतात?
(इ) धनुर्वाताचे जंतू कोठे असतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उजव्या पायात काटा टोचला, तर डावा पाय ताठ का होतो?
(आ) लेखकाने स्नायूंच्या जोडीला बैलगाडीच्या कासऱ्यांची उपमा का दिली आहे?
(इ) उंचावरून पडलेल्या माणसाला हलवताना कोणती काळजी घ्यावी?

३. कारणे द्या.
(अ) पाय आधी उचलला जातो आणि वेदना नंतर कळते.
(आ) धनुर्वात होऊन गेलेल्या माणसालाही लस घ्यावी लागते.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
तोल सावरणे, दातखीळ बसणे, अंगावर काढणे, काम उरकणे.

५. उपक्रम
मित्राला उंच बाकावर पाय लोंबकळत ठेवून बसवा. त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेने हलकेच ठोका द्या आणि काय होते ते पाहा. नंतर त्याला पाय मुद्दाम ताठ धरायला सांगून हाच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळी दिसलेला फरक पाच ओळींत लिहा.